खंदकाच्या पुलावर दोन मेणे

दिवस चांगला निवडला, हीच चूक झाली.

एखादा काळा दिवस निवडला असता तर रस्ता मोकळा मिळाला असता. पण कंगकाका ऐकेल तर ना! उभा जन्म नवरीचे मेणे वाहण्यात गेलेला हा म्हातारा भोई. हनुवटीला चार केस, पण हट्ट गाडीभर.

“अशुभ दिवशी मी नवरीच्या मेण्याला खांदा देणार नाही,” एवढं बोलून तो चिलीम ठासत बसला.

“काका, नवरी खोटी आहे!” रुईफननं कपाळावर हात मारून घेतला.

“मेणा तर खरा आहे ना? आणि नाक्यावरचे ते पिवळे कुठले ग? आपल्याच मुलखातली पोरं. जपान्यांचे पिवळे डगले चढवले म्हणून काय पंचांग विसरली? भलत्या दिवशी वरात दिसली की पहिला संशय तेच घेतील.”

हे मात्र खरं होतं, त्यामुळे रुईफननं ते मानलं. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. नवरा गेल्यावर मेणे भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा तिनं एकटीनं चालवला होता, आणि भोयांना, सनईवाल्यांना, घासाघीस करणाऱ्या वरबापांना पुरून उरली होती. पण आता तिचा जीव टांगणीला लागला होता. मेण्यांच्या छपराखालच्या तळघरात तिचा धाकटा भाऊ मानछांग मांडीत गोळी घेऊन पडला होता. जपान्यांशी लढाई पेटून पाचवं वर्ष चाललेलं. हूतुओ नदीच्या काठानं रात्री-अपरात्री रेल्वेचे रूळ उखडणाऱ्या टोळीत तो होता आणि एका पहाटे साथीदारांनी त्याला पाठीवर घालून बहिणीच्या दारात आणून टाकलं होतं. मांडी भोपळ्याएवढी सुजली होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. गोळी काढू शकणारा एकच डॉक्टर या भागात होता, आणि तो लपला होता खंदकापलीकडच्या पैथांग गावात, एका सोयाबीनचं पनीर करणाऱ्याच्या घरी. खंदक जपान्यांनी गावकऱ्यांकडूनच खणून घेतलेला, दोन माणसं उभी गाडली जातील एवढा खोल. त्यावर पूल एकच. पुलापाशी नाका, नाक्यावर बुरूज.

आजारी माणूस, धान्याची गाडी, प्रेताची पेटी, सगळं तिथं उघडून बघत. नवरीचा मेणा तेवढा उघडत नसत. नवरीचं तोंड तिच्या नवऱ्याआधी परक्या पुरुषानं पाहायचं नसतं, हे पिवळ्यांनाही आईनंच शिकवलेलं होतं.

शेवटी चांगला दिवस उजाडला. मानछांगची दाढी रुईफननं स्वतः तासली. लाल जाकीट, लाल घागरा, डोक्यावरून छातीपर्यंत लाल ओढणी.

“ताई, हसू नकोस,” ओढणीआडून तो कण्हला.

“हसत नाही रे. आईची आठवण आली. लेकीचं लग्न पाहिलं, लेकाचं राहिलं म्हणायची. घे, तुझंही झालं.”

“नवरीला रडावं लागतं ना? मला नाही येत रडायला.”

“वाटेत खड्डे आहेत भरपूर. येईल आपोआप.”

पण खरोखरच तो ओरडला असता तर त्या जाड्या आवाजानं सगळा घात झाला असता. त्याच्या दातांखाली द्यायला तिनं पेटीच्या तळाशी हात घातला आणि हाताला लागला तो रेशमी लाल रुमाल बाहेर काढला. तो रुमाल पाहून ती जराशी थबकली, पण वेळ नव्हता. रुमाल तिच्याच लग्नातला होता.

त्याचीही एक गोष्ट होती. त्या मुलखात दोन नवऱ्यांच्या वराती वाटेत समोरासमोर आल्या तर तसंच पुढं जायचं नसतं. एकीचं नशीब दुसरीच्या नशिबाला घासतं म्हणतात. दोघींनी मेण्याच्या खिडकीतून हात काढून आपापली एक वस्तू बदलायची, रुमाल म्हणा, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान म्हणा, म्हणजे दोघींचं भलं होतं. रुईफनच्या वरातीलाही तिठ्यावर अशी दुसरी वरात भेटली होती. पण गारा पडत होत्या, आणि तिची पाठराखीण म्हणाली, “राहू दे ते, चला लवकर.” पुढं लढाईच्या पहिल्याच वर्षी स्टेशनावर बाँब पडला आणि नवरा गेला. तेव्हापासून गावातल्या बायका विहिरीवर तिच्याकडे पाहून मान हलवत, की बघा, अदलाबदल केली नाही ना! रुईफन वरवर उडवून लावायची. स्टेशनात मेलेल्या सगळ्यांच्याच बायकांनी काय अदलाबदल चुकवली होती? पण रुमाल तिनं टाकलाही नव्हता.

वरात निघाली. पुढं सनईवाला गालफुग्या आणि त्याचे ढोल-झांजवाले, मागं मेणा, मेण्याच्या खिडकीशी केसांत लाल फूल खोचलेली रुईफन. विधवेनं पाठराखीण व्हायचं नसतं; पण या असल्या वरातीला दुसरी कोण येणार होती? कापणी होऊन ज्वारीची रानं उघडी पडली होती, थंडी झोंबत होती. पुढच्या दांडीला कंगकाका. मागच्या भोयांना मेण्यापुढचं काही दिसत नाही, म्हणून पुढच्यानं वाट गाऊन सांगायची आणि मागच्यांनी ठेक्यात उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत.

“डाव्या हाताला पाणी!” कंगकाका ओरडायचा.

“उजव्यानं चालव राणी!” मागून उत्तर यायचं.

“पुढं दगड तिरका!”

“पाय टाका बारका!”

मेण्याच्या आतून दर हिसक्याला दबलेला हुंकार येत होता. वाटेवरच्या म्हाताऱ्या कौतुकानं थांबत. “किती रडतेय बाई पोर! माहेर फार लाडाचं दिसतंय.” रुईफन गोड हसायची आणि मनात देवांना एकेक करून हाका मारायची.

बुरूज दिसला. वर जपानी शिपाई, खाली पिवळे.

“समोर पिवळं पिवळं!”

“मान खाली वळव!”

पूल दहा पावलांवर आला आणि कंगकाकाचं गाणं मध्येच तुटलं. पलीकडून सनई ऐकू येत होती. पुलाच्या त्या टोकाला दुसरा ढोल, दुसरे भोई, दुसरा लालभडक मेणा!

“समोर... समोर...” कंगकाका चाचरला. “समोर नवरी!”

मागून उत्तरच आलं नाही. कारण याला उत्तर त्यांच्या गाण्यात नव्हतं. उन्हाळाभर जपान्यांच्या धाडी चाललेल्या, सगळ्यांची लग्नं तटलेली. थंडीतला पहिला चांगला दिवस पाहून साऱ्या पंचक्रोशीनं वराती काढल्या होत्या. काकाचं पंचांग काय एकट्या काकाच्याच घरात होतं?

मागं फिरावं तर संशय. पुढं जावं तर समोर रीत उभी.

त्यात गालफुग्या! समोरच्या सनईवाल्यानं एक लांबलचक तान मारली आणि याचं भान सुटलं. दोन वाजंत्री भेटले आणि चढाओढ झाली नाही असं कधी होतं का? यानं गाल फुगवले, डोळे मिटले आणि अशी काही तान सोडली की बुरुजावरचा शिपाईसुद्धा वाकून बघायला लागला. रुईफननं त्याच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. गडी आणखी वर गेला.

“मेल्या, तुझ्या सनईत माती पडो!” ती दातांतल्या दातांत पुटपुटली.

“ताई, तो मला चिडवतोय!” श्वास घ्यायला थांबत गालफुग्या म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला.

गर्दी जमली. पिवळे हसत टाळ्या पिटायला लागले. नाक्याचा जमादार, थान त्याचं नाव, तोही बाहेर आला. बसक्या नाकाचा, कानाला सिगारेट लावलेला, शेजारच्याच तालुक्यातला माणूस. मागोमाग एक जपानी शिपाई संगिनीची बंदूक घेऊन गंमत बघायला उतरला.

तेवढ्यात समोरची पाठराखीण, ढोलाशी बरोबरी करेल अशी बाई, पुलाच्या मधोमध येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय हो, कुठली वरात? आमची छाओयुन तुंगहो गावाला चाललीय. चला, पोरींना रुमाल बदलू द्या आणि मोकळे व्हा.”

“आमची... आमची फार लाजरी आहे हो,” रुईफन म्हणाली. “तसंच जाऊ द्या की.”

“तसंच? अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझ्या पोरीचं वाईट करायला निघालात?”

“बाई बरोबर बोलतेय,” थान जमादार पुढं झाला. “माझ्या नाक्यावर असलं अर्धवट काम चालायचं नाही. उद्या कुणाचं काही झालं म्हणजे थानच्या पुलावर झालं म्हणतील. भिडवा मेणे खिडकीला खिडकी!”

जमादाराचा हुकूम. मेणे भिडले. मानछांगचा हात म्हणजे नुसता पंजा होता. बंदुकीच्या दारूनं काळवंडलेला, रुळांच्या खिळ्यांनी सोललेला. त्यात तापानं तो भानावर होता की नव्हता कोण जाणे. आणि आता तो जपानी शिपाई संगिनीचं टोक मानछांगच्याच मेण्याच्या पडद्याखाली सरकवून खुदखुदत होता.

“ए, ए!” समोरची पाठराखीण त्याच्यावरच धावून गेली. “नवरीचा पडदा उचलतोस? तुला आया-बहिणी नाहीत?”

शिपायाला शब्द कळला नाही, पण सूर कळला. थान जमादार मध्ये पडला. वाकून, हसून, हातवारे करून त्यानं शिपायाला बाजूला घेतलं आणि त्याच्या तोंडात सिगारेट दिली. “बाहेर काढा ग हात!” त्यानं मागं वळून फर्मावलं.

समोरच्या खिडकीतून एक हात आला. गोरा, बारीक, बोटावर पितळी अंगुस्तान.

मानछांगच्या खिडकीतून काहीच आलं नाही.

“मुलगी हात का काढत नाही?” जमादाराचा आवाज बदलला.

पडदा हलला. आणि बाहेर आला तो पंजा. काळा, सोललेला, नखांत वाळलेलं रक्त. रुईफननं डोळे मिटले. आता एक शब्द, समोरच्या मुलीची एक किंकाळी, आणि संपलं सगळं, भाऊ संपला, काका संपला, गालफुग्याही सनईसकट संपला.

किंकाळी आली. पण ती रडण्याची होती.

“बहिणी ग माझे!” छाओयुननं एवढा टाहो फोडला की दोन्ही सनया बंद पडल्या. तिनं तो पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, पटकन आपल्या ओढणीचं टोक त्यावर ओढलं आणि खिडकीबाहेर अर्धी वाकून ऊर फुटेस्तोवर रडायला लागली. “तू पण चाललीस, मी पण चालले! आपली आई आता कुणाला हाक मारील ग! आणि हे पुरुष कसे टकामका बघताहेत बघ, नवरीचा हात कधी पाहिला नाही यांनी! वळा तिकडं!”

थान जमादार लाजून खरोखरच वळला. त्यानं पिवळ्यांनाही वळवलं. बायकांनी डोळ्यांना बाह्या लावल्या. पाठराखीण स्वतःच हुंदके द्यायला लागली. “बघा, एका क्षणात बहिणी झाल्या!”

“झालं ना? चला, चला!” रुईफनला आपला आवाज परका वाटला. कंगकाकानं खांदा दिला, मेणा उचलला गेला आणि पूल पार झाला. गालफुग्याची सनई पैथांगपर्यंत वाजत होती, कारण त्याला थांबवायचं भान कुणालाच नव्हतं.

पनीरवाल्याच्या अंगणाचा दरवाजा लागला, मेणा टेकला आणि सगळे एकदम हसायला लागले. कंगकाका जमिनीवर बसून हसत होता आणि डोळे पुसत होता. डॉक्टर बाहेर आला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, नवरीकडे पाहून म्हणाला, “आत आणा बाईसाहेबांना.” पुन्हा हशा. मांडी चाचपून तो गंभीर झाला, मग त्यानं मान डोलावली. “वेळेवर आणलंत. पाय वाचेल. उद्यावर गेलं असतं तर पायही गेला असता आणि हाही.”

रुईफननं भावाचं डोकं छातीशी धरलं. आणि तेव्हा तिला दिसलं, की त्याच्या दातांत अजून तो लाल रुमाल आहे.

“मानछांग! तू रुमाल दिला नाहीस तिला?”

“कसा देणार?” त्यानं मूठ उघडली. मुठीत पितळी अंगुस्तान होतं. “तिनं हात पकडला, हे कोंबलं आणि कानाशी म्हणाली, ‘दादा, हलू नका.’ मग रडायलाच लागली. ताई, तिला पहिल्या नजरेतच कळलं होतं.”

अंगणातला हशा विरला. कंगकाका उभा राहिला. “म्हणजे पोरीनं दिलं आणि घेतलं काहीच नाही.”

“अर्धी अदलाबदल,” रुईफन म्हणाली.

“मेण्यातून उतरून तिचे पाय जमिनीला लागेपर्यंत वेळ असतो,” काका हळूच म्हणाला. “एकदा पाय लागले की मग नाही. पण तू आता काही...”

रुईफननं रुमाल ओढून घेतला होता.

“वेडी झालीस का?” गालफुग्या आडवा आला. “जीव वाचलाय, आता पुन्हा त्या नाक्यावर? लोकं बोलतात ते तुला खरं वाटतं?”

“मला वाटत नाही. पण उद्या तिच्या नवऱ्याला काही झालं तर विहिरीवरच्या बायका तिला सोडणार आहेत का? मी चार वर्षं त्यांच्या माना हलताना बघतेय. आमच्यासाठी त्या पोरीनं हे डोक्यावर घ्यायचं? सर बाजूला!”

आणि ती धावली. घागरा खोचला, फूल कुठं पडलं कळलं नाही, रानारानातून आडवी धावली. छातीत भाता चालला होता, पण मनात एक वेडा आनंद उसळत होता. भाऊ वाचला! वाचला! आता कुणी गोळी घातली तरी चालेल, पण आधी तो मेणा गाठू दे.

नाक्यावर थान जमादार आडवा आला. “काय ग? नवरी कुठं टाकून आलीस?”

“रुमाल!” तिला श्वास पुरेना. “द्यायचा राहिला! आमची नुसती रडत बसली, दिलाच नाही!”

जमादाराचा चेहरा पांढरा पडला. “माझ्या पुलावर? अर्धवट?” मग एकदम ओरडला, “सायकल आण रे माझी! मागं बस ग तू!”

असा प्रवास रुईफननं जन्मात केला नव्हता. पिवळ्या डगल्याचा जमादार शिव्या घालत पायडल मारतोय, मागं कॅरिअरवर ती, आणि मुठीत रुमाल, त्यावर तिच्या भावाच्या दातांच्या खुणा. खड्ड्यांतून सायकल उडत होती.

“नवरी जड होती तुमची,” जमादार मध्येच म्हणाला. मागं न बघता. “म्हाताऱ्याची मान सुजली होती.”

रुईफननं रुमाल मुठीत आवळला. “शेतावरची पोर आहे. खाती-पिती.”

“हं.” जमादारानं एक खड्डा चुकवला. “माझाही एक मावसभाऊ आहे तसाच. खाता-पिता. कुठं असतो कोण जाणे. घट्ट धर, उतार आहे.”

तुंगहोच्या वेशीत ढोल घुमत होते. नवऱ्याच्या दारासमोर मेणा पोचलाच होता. भोई वाकत होते, पाठराखीण लाल चटई पसरत होती, बाजूची माणसं फटाक्यांना काडी लावायला टपलेली.

“थांबा!” जमादार सायकलवरूनच गरजला. “उतरवू नका तिला!”

पिवळा डगला पाहून सारं अंगण गोठलं. काडी ज्याच्या हातात होती त्याचं बोट भाजलं. रुईफननं चालत्या सायकलवरून उडी मारली, धडपडली, उठली आणि खिडकीशी जाऊन तिनं पडद्यातून हात आत घातला. “पुलावरची मी,” ती पुटपुटली. आतून दोन बारीक हातांनी तो हात घट्ट धरला.

“तो पोचला?” छाओयुननं कुजबुजत विचारलं.

“पोचला. पाय वाचेल म्हणाले.”

आतून एक लांब श्वास ऐकू आला.

“हे घे. आमच्याकडून राहिलं होतं,” रुईफननं रुमाल पुढं केला, आणि मग तिला राहवेना. खोटं बोलून आता पुरे झालं होतं. “पण ऐक, पोरी. हा रुमाल माझ्या लग्नातला आहे. मी विधवा आहे. नको असेल तर मी दुसरा कुणाचा तरी...”

रुमाल तिच्या बोटांतून ओढून घेतला गेला.

“यावर दात कुणाचे उमटलेत?” छाओयुननं विचारलं.

“त्याचे.”

“हा दातांत धरून तो जिवंत पोचला, आणि तुम्ही म्हणता दुसरा आणते? ताई, माझा भाऊ डोंगरात आहे. वर्ष झालं, पत्ता नाही. आता त्यालाही कुणीतरी असाच पोचवील.” तिनं रुईफनचा हात एकदा घट्ट दाबला आणि सोडला. “सांगा त्यांना, वाजवा म्हणावं.”

रुईफन मागं वळली. अंगणातली सगळी माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत होती, सायकल धरून उभा असलेला थान जमादारसुद्धा. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“झालं,” ती म्हणाली. “पूर्ण झालं. उतरवा नवरीला!”